कंबर धरली म्हणून सायकल सोडू नका

पहिले पंधरा-वीस किलोमीटर मजेत जातात. मग कधीतरी कमरेत, जिथे पट्टा बसतो त्या रेषेवर, जडपणा जाणवायला लागतो. आपण नकळत एक हात हँडलवरून काढतो आणि मूठ कमरेत दाबतो. थोडं बरं वाटतं, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. घरी पोचून उतरताना पाठ लगेच सरळ होत नाही, सीट धरून क्षणभर उभं राहावं लागतं. असं तीन-चार वेळा झालं की माणूस मनाशी ठरवून टाकतो: आपल्या पाठीला सायकल मानवत नाही.

हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि तेवढ्यावरून सायकल कोपऱ्यात उभी करणारी माणसं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. बहुतेकांच्या बाबतीत मूळ दोष पाठीत नसतो. सीट दोन सेंटिमीटर चुकलेली असते, हँडल लांब पडत असतं, गिअर जड असतो, आणि पोटाचे व नितंबांचे स्नायू वर्षानुवर्षं खुर्चीत बसून सुस्तावलेले असतात. दुखते मात्र कंबर. चोर सोडून संन्याशाला सुळी, असा हा प्रकार.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखंही काही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०९ व्यावसायिक रोड सायकलस्वारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातल्या ५८ टक्के जणांना आधीच्या १२ महिन्यांत कंबरदुखी झालेली होती. सायकल मिलिमीटरमध्ये मोजून बसवणाऱ्यांची ही गत, तर नवख्याची कंबर दुखली यात नवल नाही.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन-तीन राईड करा, मग पुढची. सगळं एकदम बदललं तर आराम कशाने पडला, किंवा गुडघा नव्यानेच का दुखायला लागला, याचा पत्ता लागत नाही.

सगळ्यात आधी: हे दुखणं सायकलचं आहे ना?

कळ कमरेतून निघून गुडघ्याच्या खाली पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना जोर कमी पडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत ताप किंवा विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, या सगळ्यांनाही हेच लागू. आणि सीटला टेकतो तो भाग उतरल्यावरही बधिर राहिला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा लघवी अडली, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठा. मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि त्यात वेळेला फार किंमत असते.

यातलं काही नसेल, दुखणं फक्त कमरेपुरतं असेल, सायकलवर वाढत असेल आणि उतरून चाललं की सैल होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पायरी १: खुर्चीवर बसून कंबर समजून घ्या

सायकलला हात लावण्याआधी पाच मिनिटं एका टणक खुर्चीच्या कडेवर बसा. दोन्ही तळवे कमरेच्या बाजूंच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. आता समोर जमिनीवर पडलेलं काहीतरी उचलायचं आहे अशा बेताने वाका, पण कमरेचं हाड जागचं हलू देऊ नका. अंगठ्यांखाली पाठ गोल होताना आणि मणके बाहेर टेकताना जाणवतील. परत सरळ व्हा. या वेळी आधी कमरेचं हाडच पुढे कलतं करा, जणू पाण्याने भरलेलं भांडं पुढच्या काठावरून सांडायचं आहे. छाती आपोआप पुढे येते, पाठ लांब राहते, आणि वाकणं मांडीच्या सांध्यातून होतं.

या दोन वाकण्यांमधला फरक हातांना कळला की अर्धं काम झालं. सायकलवर बहुतेक नवखे पहिल्या पद्धतीने वाकतात. कमरेचं हाड मागे झुकलेलं, त्यावर पाठीची कमान. कंबर अशी पूर्ण गोल झाली की पाठीचे लांब स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि भार मणक्यांच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांवर, व मधल्या चकत्यांवर येतो. अस्थिबंध ताणाखाली हळूहळू सैलावत जातात. म्हणूनच पाचव्या मिनिटाला काही होत नाही आणि तासाभराने दुखतं. त्यात पाय मात्र सतत फिरत असतात: मिनिटाला ९० फेऱ्या धरल्या तर तासात एकेका पायाचे ५४०० दाब. प्रत्येक दाबाला कमरेने टेकू द्यायचा असतो, आणि कंबर तर ताणून धरलेली.

त्यामुळे प्रश्न कमरेचं हाड पुढे कलायला तयार का नाही, हा आहे. कधी सायकलची मापं आडवी येतात, कधी मांडीमागचे आखडलेले स्नायू, कधी नुसती सवय.

पायरी २: दोन राईड फक्त टिपून ठेवा

काहीही न बदलता दोन नेहमीच्या राईड करा आणि घरी आल्यावर चार ओळी लिहा. दुखणं कितव्या मिनिटाला सुरू झालं? चढावर की सपाटीवर? मधोमध की एकाच बाजूला? उभं राहून पेडल मारल्यावर कमी झालं का? दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती?

एकाच बाजूला दुखत असेल तर सीट वाकडी बसलेली नाही ना, ती फार उंच नाही ना आणि दोन्ही पायांच्या लांबीत फरक नाही ना, हे बघायला हवं. फक्त चढावर दुखत असेल तर संशय गिअरवर. सपाटीवर तासाभराने दुखत असेल तर हँडलच्या अंतरावर. आणि राईड ठीक, पण रात्री कंबर धरते, असं असेल तर बहुधा अंतर एकदम वाढवलेलं असतं.

पायरी ३: सीटची उंची

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. सोपी पद्धत अशी: सायकल भिंतीला लावा किंवा कुणाला तरी धरायला सांगा. सीटवर सरळ बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल पूर्ण खाली न्या. गुडघा नुकताच सरळ झाला पाहिजे आणि त्यासाठी कंबर एका बाजूला झुकवावी लागता कामा नये. मग नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. हा वाक साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा, असं मानलं जातं.

मोजून करायची असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये जांघेपर्यंत घट्ट वर ओढा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. या मापाला ०.८८३ ने गुणा. येणारं उत्तर म्हणजे पेडलचे दांडे जिथे बसतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. पाय ८० सेंटिमीटर भरला तर ७०.६. हा आकडा सुरुवातीपुरता आहे. बुटाच्या तळाची जाडी, पावलाची लांबी, पेडलची उंची यांनी तो थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटचा निर्णय टाचेच्या पद्धतीने आणि अंगाला विचारूनच करा.

सीट उंच असली की पाय खाली पुरवण्यासाठी कंबर दर फेरीला डावी-उजवीकडे डोलते. हे आपल्याला स्वतःला कळत नाही. मी दोन महिने अशीच सायकल चालवली. सीट उंच म्हणजे ताकद जास्त, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते तपासलं नाही. एका मित्राने मागून येताना सांगितलं की तुझी कंबर तराजूच्या पारड्यासारखी वरखाली होते आहे. सीट दीड सेंटिमीटर उतरवली आणि उजव्या बाजूचं दुखणं दोन आठवड्यांत ओसरलं. म्हणून सांगतो, कुणाला तरी मागून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. शर्टाच्या खालच्या कडेकडे बघा. ती आडवी स्थिर दिसली पाहिजे.

बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच करा. त्याआधी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, जिथे तो फ्रेममध्ये शिरतो तिथे चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. सीटपोस्टवर कमाल उंचीची रेघ असते. ती कधीही फ्रेमबाहेर दिसता कामा नये.

पायरी ४: सीटचा कल आणि मागे-पुढे

सीटवर एक पुठ्ठ्याची वही आडवी ठेवा आणि तिच्यावर मोबाईलमधली लेव्हल बघा. सीटचं नाक वर असेल तर ते शरीराला मागे ढकलतं. नाजूक भागावर दाब नको म्हणून कमरेचं हाड मागे झुकतं आणि पाठ गोल होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हौशी सायकलस्वारांच्या सीटचं नाक १० ते १५ अंश खाली केलं होतं आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून जास्त जणांना कंबरदुखीत मोठा आराम पडला होता.

तरीही सरळ १५ अंशांवर जाऊ नका. इतका उतार दिला की माणूस पुढे घसरतो, ते थांबवायला हातांवर जोर देतो आणि कमरेचं दुखणं मनगटात आणि खांद्यात येतं. आधी सीट सपाट करा, मग एकेक अंशाने नाक खाली आणा. बऱ्याच जणांना दोन-तीन अंशांतच फरक पडतो. घसरायला लागलात की एक अंश परत या.

मागे-पुढे सरकवण्याच्या भानगडीत सुरुवातीला फार पडू नका. पेडलचे दांडे जमिनीला समांतर असताना पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पेडलच्या आसाजवळ पडला की पुरे. एवढं मात्र लक्षात ठेवा: सीट मागे सरकवली की पायाला ती उंच झाल्यासारखीच लागते, तेव्हा उंची पुन्हा तपासा. आणि हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढू नका. त्या दुखण्याचं औषध पुढच्या पायरीत आहे.

पायरी ५: हँडल किती लांब, किती खाली

नव्याने सायकल घेणाऱ्याला फोटोतल्या शर्यतीच्या सायकली आवडतात. खाली झुकलेलं हँडल, आडवी पाठ. ती बैठक कमवावी लागते. सुरुवातीला हँडल सीटच्या पातळीला किंवा किंचित वर असू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अंतर तपासायची खूण: नेहमीच्या पकडीत हात ठेवून चालवताना कोपर थोडे वाकलेले राहतात का? एखादा मिनिट हातांवरचा भार जवळजवळ काढून घेतला तरी पाठ तशीच राहते का? कोपर ताठ, खांदे कानांपाशी आणि हात सारखे जवळच्या पकडीकडे सरकतात, असं असेल तर हँडल लांब आहे. डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते तासभर पुढे टांगून ठेवायचं, तर पाठीला आधार नीट हवा.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. काही सायकलींमध्ये स्टेमखालच्या (हँडलला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्याखालच्या) कड्या वरखाली करून हँडल एक-दोन सेंटिमीटर उंच करता येतं. काही स्टेम उलटा बसवला की कोन बदलतो. तेवढ्याने भागलं नाही तर १० ते २० मिलिमीटर आखूड स्टेम घ्या. स्टेम आणि हेडसेटचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या ताकदीनेच आवळायचे असतात, ते जमत नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या. हँडल निसटणं हा कंबरदुखीपेक्षा फार मोठा धोका आहे. आणि फ्रेमच मोठ्या मापाची असेल, तर आखूड स्टेमने थोडीच कसर भरून निघते, हेही खरं.

पायरी ६: रस्त्यावर

जड गिअर ही नवख्यांची आवडती चूक. पायांना जोर लागतो म्हणजे व्यायाम होतो, अशी समजूत असते. जड गिअरला प्रत्येक दाबाला कंबर आवळून धरावी लागते. मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या जमतील असा हलका गिअर ठेवा. १५ सेकंदांत उजवा गुडघा २० वेळा वर आला की ८० झाले. चढ समोर दिसला की पाय अडण्याची वाट न बघता आधीच गिअर उतरवा.

दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहा, कमरेचं हाड पुढे हँडलकडे न्या, छाती उघडा, दहा-बारा फेऱ्या मारा आणि परत बसा. बसताना खुर्चीवरचा तो धडा आठवा: आधी कमरेचं हाड कलतं, मग हात हँडलवर. दुखायची वाट बघू नका, आधीपासूनच करा. ताणलेल्या अस्थिबंधांना तेवढी उसंत पुरते.

खड्डा किंवा गतिरोधक आला की दोन्ही पेडल समांतर, सीटवरून किंचित वर आणि गुडघे-कोपर सैल. बसून घेतलेला हिसका थेट मणक्यात जातो. टायरमध्ये दगडासारखी हवा भरू नका. टायरच्या कडेवर लिहिलेली किमान आणि कमाल मर्यादा बघा आणि वजनाप्रमाणे मधला आकडा धरा. पाठीवरची जड सॅक काढून सामान मागच्या कॅरिअरवर टाका.

पायरी ७: दिवसातली दहा-बारा मिनिटं

मापं बरोबर असूनही धड सांभाळणारे स्नायू थकले की बैठक मोडते. २००७ सालच्या एका अभ्यासात सायकलस्वारांचे पोट-पाठीचे स्नायू आधी व्यायामाने थकवले आणि मग त्यांना पेडल मारायला लावलं. पेडलवरचा जोर फारसा बदलला नाही, पण गुडघ्या-घोट्यांची हालचाल बदलली. म्हणजे वेग तोच दिसतो आणि सांधे मात्र वाकडे चालायला लागतात. धड सांभाळणाऱ्या या स्नायूंनाच कोअर म्हणतात. कोअर म्हणजे पोटावरच्या चौकटी नव्हेत. पोट, कुशी, पाठ आणि नितंब मिळून कण्याभोवती जो घट्ट पट्टा तयार होतो, तो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायाम रूढ केले. नवख्याला यापलीकडे शोधाशोध करायची गरज नाही.

पहिला: उताणे झोपा, एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळवे कमरेखालच्या पोकळीत ठेवा, म्हणजे ती पोकळी टिकते. आता फक्त डोकं आणि खांदे जमिनीवरून जरासे उचला. हनुवटी छातीला लावायची नाही, तळव्यांवर दाब वाढायला नको. दहा सेकंद धरा, श्वास चालू ठेवा.

दुसरा: कुशीवर वळा, कोपर खांद्याखाली, गुडघे वाकवलेले. कंबर उचलून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ करा. दहा सेकंद. मग दुसरी कूस. महिनाभराने गुडघ्यांऐवजी पावलांवर करा.

तिसरा माझ्या मते सायकलवाल्यासाठी सगळ्यांत मोलाचा: हात-गुडघ्यांवर घोड्यासारखे व्हा. डावा हात पुढे, उजवा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर. पाय उंच फेकायचा मोह आवरा. कमरेवर पाण्याचा पेला ठेवला आहे आणि तो सांडता कामा नये, असं समजा. दहा सेकंदांनी हात-गुडघा जमिनीवरून ओझरते नेऊन परत लांबवा. पुढे बाजू बदला. पेडल मारताना नेमकं हेच हवं असतं: पाय फिरतो आहे आणि कंबर जागची हलत नाही.

प्रत्येक व्यायामाच्या पहिल्यांदा सहा आवृत्त्या, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. वेळ दहा सेकंदांच्या पुढे ताणू नका, ताकद वाढली की आवृत्त्या वाढवा. शेवटी उताणे झोपून गुडघे वाकवून नितंब उचलायचे, पंधरा वेळा. भार कमरेत जाणवला तर टाचा अंगाजवळ घ्या आणि नितंब आवळून मग उचला.

उताणे झोपून पूर्ण उठून बसण्याचा व्यायाम (सिट-अप्स) टाळा. दुखऱ्या कंबरेला पुन्हा पुन्हा गोल करणं हेच तर आपण सायकलवर थांबवतो आहोत. आणि यातलं काहीच पहाटे उठल्या उठल्या करू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंचीसुद्धा एक-दोन सेंटिमीटर जास्त भरते. या वेळी वाकल्यावर चकत्यांवर ताण जास्त येतो. तासभर घरात हिंडाफिरा, मग करा. पहाटेच्या राईडलाही हेच: पहिली पंधरा मिनिटं हलका गिअर आणि हात वरच्या पकडीत.

मांडीमागचे स्नायू बसण्याच्या हाडाला जोडलेले असतात, ते आखडले की कमरेचं हाड मागे ओढतात. म्हणून राईडनंतर उताणे झोपून एक पाय दाराच्या चौकटीला टेकवून अर्धा मिनिट ताण द्या. मांडीच्या पुढच्या बाजूसाठी एक गुडघा जमिनीवर टेकून कंबर पुढे न्या. दोन्ही बाजू, इतकंच.

दुखलंच तर

एक-दोन दिवस सायकल बाजूला, पण अंथरूण धरू नका. चालत राहिलं की साधी कंबरदुखी लवकर सुटते. मग निम्म्या अंतराने परत या आणि आठवड्याचं एकूण अंतर सुमारे दहा टक्क्यांनी वाढवत न्या. हा अंदाजाचा नियम आहे. कंबर दुसऱ्या सकाळी मोकळी असेल तर पुढे, आखडलेली असेल तर तेच अंतर आणखी एक आठवडा. सहा आठवडे हे सगळं नेमाने करूनही दुखणं तिथेच असेल, तर सायकल सोबत घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा आणि त्यांच्यासमोर चालवून दाखवा.

सीटची उंची पक्की झाली की सीटपोस्टवरची चिकटपट्टी नव्या जागी गुंडाळा आणि मग ती काढू नका. सायकल कुणाला चालवायला दिली किंवा सीट हळूहळू खाली सरकली, तर तुमच्या सीटची उंची तिथे लिहिलेली राहते.